निजल्या माणसाची आंघोळ

आमच्या शेजारच्या माणिकबाईबद्दल त्या साली अमरावतीच्या पेठेत एक बोलवा उठला होता. बाई म्हणे मढ्याला ऊन पाण्यानं आंघोळ घालते आणि मढं डोळे उघडतं. सांगणारे सांगताना आवाज खाली आणत, ऐकणारे दोन पावलं जवळ सरकत. एकानं तर मला, म्हणजे तिच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या माणसाला, शपथेवर सांगितलं, की तिच्या हातानं न्हालेलं एक मढं उठून बसलं आणि "पानी जरा चटका देते" असं म्हणालं.

आता खरं काय ते मी सांगतो. मढी उठत नव्हती, कारण ती मढी नव्हतीच. पेठेच्या दवाखान्यात जी माणसं जिती असून स्वतःच्या नाकावरची माशीही हाकू शकत नव्हती, त्यांना बाई आंघोळ घालायची. बोलव्यात चूक एवढीच. बाकी जे मी पडल्या पडल्या पाहिलं, ते बोलव्याहून गार होतं. आजही ते आठवलं की मी पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतो, आणि बायको विचारते, थंडी कुठं आहे?

तो काळ कापसाचा. सात समुद्रांपलीकडे अमेरिकेत भाऊ भावाशी लढायला उठला, तिकडचा माल अडला, आणि विलायतेच्या गिरण्यांना एकाएकी आमचं वऱ्हाड आठवलं. अकोल्याकडून, कारंज्याकडून गाड्यांची रांग लागे ती संपायची नाही. सरकी काढणारे रेचे दिवसभर करकरत आणि त्यांचं तूस उडून सगळ्या पेठेवर बसे. म्हशीच्या पाठीवर, वाळत घातलेल्या लुगड्यावर, ताटातल्या वरणावर. तरणी पोरं भुवया पांढऱ्या करून हिंडत आणि एकमेकांना आजोबा म्हणत.

जिथं एवढ्या गासड्या उचलल्या जातात तिथं काही गासड्या माणसांवर पडणारच. म्हणून चार व्यापाऱ्यांनी मिळून पेठेच्या टोकाला, जुन्या कापसाच्या गोदामात, हा दवाखाना उघडला होता. बारा खाटा, एक देशी डॉक्टर, पाणी भरायला नत्थुजी, आणि धुण्यापुसण्याला माणिकबाई. गोदामाला खिडकी नव्हती, एक मोठं दार होतं, दक्षिणेला. भिंतीच्या फटींत मागच्या सालचा कापूस अडकून राहिला होता. वारा आला की तो आत जाई, वारा पडला की बाहेर येई. घटकाभर त्याच्याकडे पाहत राहिलं की वाटे, भिंत श्वास घेते आहे.

मी तिथं कशाला गेलो होतो ते सांगायचं नव्हतं, पण माणिकबाई साऱ्या आळीला सांगून बसली आहे, तेव्हा लपवून काय फायदा? मला गळू झालं होतं, आणि अशा जागी, की सोळा दिवस मी पालथा. पालथ्या माणसाला जगाची एकच बाजू दिसते. मला दिसायची शेजारची खाट, आणि खाटेवर शालिकराम.

शालिकराम वर्धेच्या काठचा, कौंडण्यपुराजवळच्या एका गावचा कुणबी. चार भावांतला तिसरा, वय पस्तिशीचं. घरचा कापूस घेऊन पेठेत आला, गाडी खाली करताना वरची गासडी सुटली ती मानेवर. त्या क्षणापासून बोट हललं नाही, जीभ हलली नाही. डोळे मात्र उघडे. पापणी इतकी क्वचित लवायची की मी मोजायला लागलो तर मध्येच माझा डोळा लागायचा. हवेतलं तूस येऊन त्या उघड्या डोळ्यांवर बसे, आणि तो काढत नसे. मला स्वतःच्या डोळ्यांत खुपल्यासारखं होई, म्हणून मी तोंड उशीत घाली.

त्याच्याबरोबर गावाहून आलेला त्याचा चुलतभाऊ सहदेव, गाडीतळावर बैल सांभाळत राहायचा आणि दोन दिवसांआड दारातून डोकावून जायचा. सख्ख्या तिघा भावांपैकी एकही महिनाभर फिरकला नव्हता. डॉक्टर मनानं वाईट नव्हता, पण खाटा बारा आणि मोडलेली माणसं बेसुमार. त्यानं बाईला स्पष्ट सांगितलं होतं, "अमावास्येपर्यंत ठेवतो. घरचं माणूस न्यायला आलं तर ठीक. नाही आलं तर धर्मशाळेच्या ओट्यावर."

ओट्यावर काय होईल ते सगळ्यांना ठाऊक होतं. मुंग्यांना आधी ठाऊक असतं.

म्हणून माणिकबाईनं एकच धरून ठेवलं होतं. घरचे येतील तेव्हा माणूस माणसासारखा दिसला पाहिजे. वास आला, पाठ सडली, की नेणारे दारातूनच मागं फिरतात.

हे तिला कळत होतं, कारण ती अंजनगावच्या पानमळ्यातली बारीण. नागवेलीच्या पानांचं काम तुम्ही पाहिलं असेल तर सांगायला नको. पानाची करंडी भरून ठेवली की झालं, असं नसतं. रोज ती उपसायची, एकेक पान पुसायचं, उलटं करायचं, ज्याला डाग पडला ते काढायचं, नाहीतर त्याचा ओलावा शेजारच्याला खातो. चाळीस वर्षं तिच्या बोटांनी दुसरं काही केलं नाही. मग तिचा नवरा वेलाला आधार देणाऱ्या शेवरीच्या झाडावरून पडला आणि तीन वर्षं अंथरुणात राहिला, आणि बाईनं त्यालाही तसाच फिरवला. तो गेला तेव्हा पाठीवर नखाएवढा डाग नव्हता. गाव म्हणालं, "काय उपेग? मेला तो मेलाच नं." बाईनं गाव सोडलं. अमरावतीला आली ती आमच्या भिंतीशेजारी, आणि त्या दिवसापासून माझं बोलणं तिला आणि तिचं मला सोसावं लागतं आहे.

आळीतल्या बाया विहिरीवर तिची घागर आली की आपली घागर उचलून घेत. परक्या पुरुषांची अंगं धुणारी बाई! आता कंबरेखालचं काम चादरीआडून नत्थुजी करतो, हे मला ठाऊक होतं. मी त्यांना सांगितलंही. पण खरी गोष्ट सांगायला गेलं की लोक म्हणतात, तुम्ही मस्करी करता.

शालिकरामची आंघोळ रोज दुपारी, ऊन चढल्यावर, म्हणजे त्याला गारठा लागू नये. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझ्या गळवाचं ठणकणं थांबलं.

पाणी बाहेर अंगणात, तीन दगडांवर तापायचं, कारण आत धूर नको. भांडं कोरं मडकं. तांब्याचं होतं ते कोणीतरी उचलून नेलं होतं. पाण्यात कडुलिंबाचा पाला. नत्थुजी मडकं आणून ठेवी आणि बाई आधी कोपर बुडवून पाही. मग दोघं मिळून खाट फिरवत, पाय दाराकडे, दक्षिणेला. उजेड तिथूनच येत होता आणि उजेडाशिवाय पाठीवरचा डाग दिसत नाही. मग ती त्याच्या पायांचे अंगठे चिंधीनं एकाला एक बांधी. कुशीवर वळवताना एक पाय मागं राहिला तर कंबर पिळवटते, ती तशी पिळवटू नये म्हणून. मग दोन्ही कानांत कापसाचे बोळे, डोकं धुताना पाणी आत जाऊ नये म्हणून. आणि शेवटी कापसाचा एक पिंजलेला पुंजका त्याच्या नाकाखाली धरून ती गप्प उभी राही.

पुंजका हलला की म्हणे, "हाये. चला."

मग बोलायला लागे. त्याच्याशी.

"शालिक दादा, डोळे पुसतो हं. नाकाकडून कानाकडे. झालं. आता ह्या डोयासाठी दुसरं फडकं, याचं त्याले नाई लागू द्याचं. उजवा हात काढतो. बाकी अंग झाकून हाये, कोनी पायत नाई. तो पालथा पडलेला पायते, पन त्याले लाज नाई, त्याचं सोड."

प्रत्येक वाक्यानंतर ती थांबायची. उत्तर यायला जेवढा वेळ लागतो तेवढाच. मग मान हलवायची, जणू उत्तर आलं. त्या मधल्या शांततेत भिंतीतला कापूस आत जाई, बाहेर येई.

एकदा मला राहवलं नाही. "बाई, तो ऐकत नाही. त्याच्याशी बोलता कशाला?"

"तुमी तं ऐकता नं? तुमच्याशी बोलून कोनता फायदा होते?"

एक हात धुवायचा, पुसायचा, झाकायचा, मगच दुसरा. काख, बोटांच्या बेचक्या, मानेच्या घड्या कोरड्या करायच्या. बोटाला ओलं फडकं गुंडाळून हिरड्या, जीभ, टाळू पुसायचा आणि पळीनं पाण्याचे दोन थेंब ओठांवर सोडायचे. पाठीला तिळाचं तेल, हलक्या हातानं. घोट्यांखाली, टाचांखाली कापडाच्या चुंबळी, घागरीखाली डोक्यावर घेतात तशा, म्हणजे हाड गादीवर टेकत नाही. पेठेच्या चौकीवर पहाऱ्याचा टोल पडला की कूस बदलायची. शेवटी कोऱ्या कापडाचं पांढरं धडप छातीपासून नाकापर्यंत, तुसामुळे. आणि अगदी शेवटी ती आपला तळवा त्याच्या कपाळावरून खाली आणी आणि त्याच्या पापण्या मिटवी, कारण त्याला त्या मिटता येत नव्हत्या. "नीज आता."

तुम्ही वऱ्हाडातले असाल तर इतक्यात तुमच्या ध्यानात आलं असेल. बाहेर तीन दगडांवरचं पाणी, कोरं मडकं, पाय दक्षिणेला, अंगठे बांधलेले, कानांत कापूस, तोंडात पाण्याचे थेंब, पांढरं धडप, आणि हातानं मिटलेले डोळे. एकेका गोष्टीला माणिकबाईकडे चांगलं कारण होतं. सगळ्या एकत्र पाहिल्या तर कारण एकच दिसत होतं.

सहदेवनं सगळ्या एकत्र पाहिल्या.

मी दवाखान्यात गेल्याला दुसराच दिवस. सहदेव दारात उभा राहिला तेव्हा बाई डोळे मिटवत होती. उन्हात त्याची सावली लांब आत आली आणि शालिकरामच्या बांधलेल्या अंगठ्यांवर पडली. त्यानं काही विचारलं नाही. हातातली तंबाखूची पिशवी खाली ठेवली, दोन पावलं मागं सरकला, आणि सावली नाहीशी झाली. बाईची पाठ होती, तिला कळलंच नाही. मला कळलं. पण माझं तोंड उशीत होतं, आणि खरं सांगू का, त्या घटकेला त्या खाटेकडे पाहून मलाही तेच वाटलं होतं. पुढं तीन दिवस तो आला नाही तेव्हा मी बाईला सांगितलं, की तो दारातूनच मागं फिरला होता. ती म्हणाली, "गावाले गेला असन भावाईले आनाले. चांगलंच झालं." आणि शालिकरामला सांगितलं, "दादा, येऊन राह्यले बरं तुले न्याले."

ती रोज सांगायची. अमावास्या जवळ येत गेली. डॉक्टर येता जाता खाटेकडे पाही आणि बोटांवर दिवस मोजी.

त्या दिवसांत एक झालं. शालिकरामच्या माकडहाडावरचा जुना डाग भरला. नवं कातडं आलं, लहान मुलाच्या ओठासारखं. गळा गिळायला लागला, पेज चमच्यानं उतरायला लागली. पण डोळे तसेच. दुपारी सगळे झोपले की मला वाटे, तो माझ्याकडे बघतो आहे. मी खाट बदलून मागितली. बाई म्हणाली, "तो आढ्याकडे पायते. तुमच्याकडे पायन्यासारखं हाये काय?"

अमावास्येला तीन दिवस होते. टळटळीत दुपार. बाई अंगणात राखेच्या पाण्यात फडकी उकळत होती. बैलगाडी थांबल्याचा आवाज आला, आणि मग कोणाचाच आवाज आला नाही. मी पालथ्याचा कसाबसा कुशीवर झालो.

अंगणात एक उंच माणूस उभा होता. डोक्याचा गोटा केलेला, मिशी काढलेली. त्याच्या मागं एक बाई, पदर पार हनुवटीपर्यंत, हात ओकेबोके, मनगटावर बांगड्या फोडल्याचे ओरखडे अजून ताजे. दूर गाडीजवळ सहदेव बैलांच्या आड लपला होता.

"माणिकबाई तुमीच काय?"

"हाव. काहून?"

"मी खुशालराव. शालिकरामचा मोठा भाऊ. हे त्याची घरवाली, सुभद्रा." तो थांबला, घसा साफ केला. "बाई, दहाव्याले आमी वर्धेवर पिंड ठेवला. कावळा शिवला नाई. दिवस बुडेपावतर बसलो. शेत सांभाळू म्हनलं, बायकोले अंतर देनार नाई म्हनलं, तुझा गोऱ्हा इकनार नाई म्हनलं. सारे कावळे झाडावर बसून होते, एक खाली उतरला नाई. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. पन हिनं तवापासून अन्न सोडलं. अशा बाईनं उंबरा ओलांडाचा नसते, पन आयकलंच नाई. म्हने, ज्या बाईनं त्याईले शेवटची आंघोळ घातली तिले इचारा, कोनती इच्छा राह्यली?"

माणिकबाईच्या हातातली काठी उकळत्या मडक्यात तशीच राहिली.

"शेवटची?" ती म्हणाली. "मी तं आज सकाळूनच तोंड पुसलं त्याचं. आंघोळ आता घालाची हाये."



"अन् त्याची इच्छा मले काय पुसता बाप्पा? आत निजला हाये. त्यालेच पुसा."

सुभद्रा आधी आत आली. धावत नाही, चालतही नाही, भिंत धरून. भिंतीतला कापूस तिच्या बोटांना लागला तशी तिनं हात झटकला. मागून माणिकबाई, आणि दारापर्यंत खुशालराव. शालिकराम पाठीवर होता, केस विंचरलेले, दाढी केलेली, अंगावर धुतलेलं पांढरं, डोळे उघडे. महिनाभर बाईनं ज्या घटकेसाठी त्याला घासूनपुसून ठेवला होता ती घटका आली, आणि तो इतका स्वच्छ दिसत होता की त्याच्याहून भयंकर मी काही पाहिलेलं नाही. जित्या कुणब्याच्या नखात कापसाच्या दिवसांत माती नसते, असं कधी झालं आहे?

सुभद्रानं हंबरडा फोडला. तो जित्या माणसासाठी नव्हता. दारात मढं आलं की जो फोडतात तो होता, नाव घेऊन, गुण सांगून, "मले काहून टाकून गेले" म्हणून. आणि ज्याच्यासाठी तो होता तो दीड हातावर निजून सगळं ऐकत होता. त्याच्या डोळ्याच्या कडेनं पाण्याची एक रेघ गेली. पण बाई त्याचे डोळे दिवसातून चारदा ओले करायची, तेव्हा त्या रेघेवर शपथ घ्यायची माझी तयारी नाही.

"हा आमचा शालिक नोहे," खुशालराव दारातूनच म्हणाला. त्याचा आवाज चिरका झाला होता. "त्याची राख मी माह्या हातानं वर्धेत सोडली. सहदेवनं अग्नी देऊन आनली होती. आंग त्याचं हाये, आत कोनी दुसरं येऊन बसलं हाये. पाहा नं, पापनी लवत नाई."

"राख? कोनाची राख?" बाईनं अंगणाकडे पाहून हाक दिली. "ए बैलामागच्या! इकडे ये. काय आनलं होतं तू?"

सहदेव दारापर्यंत आला आणि उंबऱ्यावर बसला. 

"मी पाह्यलं, आंघोळ घालून राह्यले," तो म्हणाला. "पाय दक्षिनेले. अंगठे बांधले. मले वाटलं झालं. मले हात लावाची हिम्मत झाली नाई दादा. पयालो. मंग गावात काय सांगू? म्हनून म्हनलं, अग्नी देल्ला. राख गाडीतळावरच्या चुलीतली होती."

"चुलीतली!"

"ज्वारीच्या भाकरी केल्या होत्या तिच्यावर."

मी उशीत तोंड खुपसलं. मला हसू आलं होतं, आणि ते हसू मला आवडलं नाही. कारण खुशालराव हसत नव्हता, चिडलाही नव्हता. तो अजून खाटेकडेच बघत होता आणि एकेक पाऊल मागं जात होता.

"राख कोनाचीबी असो," तो म्हणाला. "क्रिया तं याच्या नावानं झाली. दहा दिवस याले इकडे पेज चारली, तिकडे पिंड देल्ला. याले गाडीत घालून नेला तं गाव म्हनन काय आनलं? सुभद्रे, चाल."

ती हलली नाही. थोरल्या दिराशी, भासऱ्याशी, आमच्याकडे सून तोंड उघडून बोलत नाही, जीव गेला तरी. तिनं पदराआडून माणिकबाईकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, "बाई, भासऱ्याईले सांगा, मी आधी पायतो."

"काय पायतं?" खुशालरावनं दारातून विचारलं.



माणिकबाईनं तिच्या हातात ओलं फडकं दिलं. ऊन पाण्यातलं नव्हे, घागरीतल्या गार पाण्यातलं. मी इतक्या दिवसांत तिला शालिकरामला गार पाणी लावताना पाहिलं नव्हतं.

"मानेपासून खाली पूस. एकाच दिशेनं. हलक्या हातानं, पन भेऊ नको. मढ्याले थंडी वाजत नाई, येवढं ध्यानात ठेव."

 फडकं कानामागं टेकलं, गळ्यावरून खांद्याकडे आलं. बाईनं नत्थुजीला दारातून बाजूला केलं, उजेड खाटेवर पडला. आणि त्या उजेडात, फडकं जिथून गेलं तिथं, शालिकरामच्या खांद्यावर बारीक बारीक काटा उभा राहिला. एकेक केस. नांगरटीवर वारा आला की धसकटं हलतात तसा तो मानेपासून दंडापर्यंत गेला आणि थांबला.

त्या घटकेला गोदामात काटा सगळ्यांच्याच अंगावर होता, माझ्यासकट. पण बाकी कुणाचा कोणी तपासून पाहिला नाही.

सुभद्रानं पुन्हा फडकं भिजवलं, पुन्हा पुसलं. पुन्हा काटा आला. तिसऱ्यांदा तिनं फडकं टाकलं, स्वतःचा पदर घेतला आणि त्याचा खांदा कोरडा करायला लागली, घाईघाईनं, पोराला पावसातून आणल्यावर करतात तसा. मग पदराआडून, पण या वेळी चांगलं मोठ्यानं, बाईला म्हणाली, "सांगा त्याईले. थंडी वाजून राह्यली याईले. गाडीत घोंगडं टाका म्हना."

खुशालराव आणखी दोन दिवस पेठेत राहिला. डॉक्टरनं खाट तेवढे दिवस मोकळी केली नाही. सुभद्रा दिवसभर बाईच्या हाताखाली होती. कोपरानं पाणी पाहणं, कूस कशी बदलायची, चुंबळ कुठं, डोळ्याचं फडकं कोणतं, हिरड्या कशा पुसायच्या. पहिल्या दिवशी तिनं अंगठे बांधायला नकार दिला. बाईनं जोर केला नाही, बिनबांधल्या पायांनी एकदा कूस बदलून दाखवली, आणि पाय मागं राहून कंबर पिळवटली ते सुभद्रानं पाहिलं. संध्याकाळी तिनं स्वतः चिंधी मागितली.

खुशालराव मात्र दाराच्या आत येत नसे. तो अंगणात तीन दगडांशेजारी उकिडवा बसे आणि माझ्याशी बोले, कारण मी एव्हाना चालता झालो होतो, जरा फेंगडा. त्याचं एकच. क्रिया झालेल्या माणसाला घरात घ्यायचं कसं? पेठेतला एक ब्राह्मण म्हणाला होता, असा माणूस परत आलाच तर त्याला नवा जन्म आला समजून बारसं करायचं, नाव पुन्हा ठेवायचं. "पस्तीस वर्साच्या मानसाचं बारसं! पाळन्यात घालू काय?"

माणिकबाई फडकी पिळत होती. ती वर न पाहता म्हणाली, "मंग काय बिघडलं? तान्ह्या पोरालेबी मांडीवर निजवून न्हाऊ घालता. तेल लावता. कानात कापूस घालता. त्याले तं कोनी मढं म्हनत नाई."

 यावर खुशालराव आपल्या गोटा केलेल्या डोक्यावरून हात फिरवत राहिला. तिथं आता काळे खुंट उगवायला लागले होते.

निघायच्या दिवशी गाडीत भुसा, त्यावर घोंगडं, त्यावर शालिकराम, घोट्यांखाली चुंबळी. सुभद्रा उशाशी. सहदेवनं बैल जोडले, त्याच्याशी कोणी बोलत नव्हतं. गाडी हलायची, तोच खुशालराव खाली उतरला आणि माणिकबाईपुढं येऊन उभा राहिला. रागानं नव्हे. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं, असं मला वाटलं.

"बाई, एक पुसतो. जित्या मानसाले असं निजवून, पाय बांधून, चारचौघांनी पानी घालनं, हे तुमाले अभद्र नाई वाटत? हे काय बाईमानसाचं काम हाये?"

माणिकबाईनं ओले हात लुगड्याला पुसले.

"मेल्यावर त्याले ऊन पानी घालाले तुमी तिघंबी भाऊ धावत आले असते," ती म्हणाली. "जिता असतानी तुमच्यातला एक जरी आला असता, तं हे काम मले कोनं देल्लं असतं?"